नखाएवढी टोपी

टिक. एवढाच आवाज झाला, सिंकच्या भोकात, आणि तोसुद्धा तिला अर्धाच ऐकू आला, कारण तिच्या कानात तेव्हा कुठल्यातरी दुसऱ्या गावातली एक बाई रडकुंडीला आली होती. त्या बाईच्या मिक्सरच्या भांड्याखालची दातेरी चकती झिजली होती, नुसती चकती, बाकी मिक्सर ठणठणीत, आणि ती चकती तिला त्रिभुवनात मिळत नव्हती. "मॅडम, तो पार्ट कंपनीने बंद केलाय," थोरली म्हणाली. हे वाक्य ती दिवसातून पन्नास वेळा म्हणायची, नोकरीच ती, घरगुती मशीनं विकणाऱ्या कंपनीच्या तक्रारींचे फोन घ्यायची, आणि गेले दोन दिवस गावात पुराचं पाणी शिरलेलं म्हणून घरूनच घ्यायची. ऑफिस गावाच्या कोरड्या टोकाला होतं, तिथल्या साहेबांना पूर टीव्हीवर दिसत होता, त्यांचं म्हणणं लाइट नसला तरी तुमच्याकडे इन्व्हर्टर आहे ना, मग फोन घ्या. "मग मी काय करू?" बाई म्हणाली. "नवीन मिक्सर घ्या, मॅडम." "अहो पण मिक्सर चांगलाय हो माझा!" आणि थोरली कानात हे ऐकत, एका हाताने बाबांच्या वाफेच्या मशीनची औषधाची वाटी नळाखाली धरून धूत होती, नळ फुल सोडलेला, मनात म्हणत होती, कसली माणसं आहेत ही, एका चकतीला मिठी मारून बसतात, आणि तेवढ्यात ते टिक झालं. तिने खाली बघितलं. वाटी होती, झाकण होतं, मास्क होता, नळी होती. टोपी नव्हती.

टोपी म्हणजे काय, तर वाटीच्या आत एक बारीक नळकांडं असतं, त्याच्यावर बसणारं नखाएवढं प्लॅस्टिक. दिसायला पेनाच्या टोपणाचं पिल्लू असावं तसं. पण ते असलं तरच औषधाची वाफ होते, नसलं की मशीन नुसतं घुर्र घुर्र करतं आणि वाटीत बुडबुडे येतात. आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा तिला भीती वाटलीच नाही, पहिल्यांदा तिला वाटली ती किळस. एवढं मोठं मशीन, एवढी औषधं, एवढे डॉक्टर, एवढा तो खोलीत बसून सकाळपासून शिट्टीसारखा श्वास घेणारा सत्तर वर्षांचा माणूस, आणि सगळं टांगलेलं कशाला, तर ह्याला! आणि दुसऱ्या क्षणी तिच्या मनात आलं ते याहून वाईट. तिच्या मनात आलं, असेल की बाबांच्या कपाटात. म्हणजे तिने हे मनात आणलं आणि स्वतःच चिडली. कारण ते कपाट! त्या कपाटासारखी हास्यास्पद गोष्ट तिच्या मते जगात दुसरी नव्हती, आणि आज दुपारी, चार वाजायच्या सुमाराला, गुडघाभर पाण्यात उभ्या राहिलेल्या गावात, ते कपाट बरोबर ठरणार होतं.

बाबा छापखान्याच्या स्टोअरमध्ये होते, आयुष्यभर. छापखाना जुना, शिशाचे खिळे एकेक लावून छपाई करायचे तेव्हापासूनचा, आणि तो बंद झाला तेव्हा बाकीच्या लोकांनी घड्याळं नेली, खुर्च्या नेल्या, बाबांनी आणले ते खिळ्यांचे लाकडी ट्रे. प्रत्येक ट्रेला शंभर खण, प्रत्येक खणाला पूर्वी एकेक अक्षर. ते ट्रे त्यांनी कपाटात बसवले आणि खणाखणांत घर भरलं. म्हणजे घराचे सुटे भाग. नळाचे वायसर, फ्यूजची तार, मिक्सरचे कार्बन, इस्त्रीचा थर्मोस्टॅट, शेगडीची पिन, फिल्टरच्या मेणबत्त्या खालच्या मोठ्या खणात, दाराच्या कडीचे स्क्रू, बॅटरीचे बल्ब, आणि वर कागदावर लाल पेनने लिहिलेलं, अडीनडीला. अडीनडीला! तिला शाळेत असताना मैत्रिणी विचारायच्या तुझ्याकडे काय आहे, तर कुणाकडे पियानो असायचा, कुणाकडे कुत्रा, हिच्याकडे अडीनडीला. शिवाय त्या कपाटाचा कायदा होता. खण रिकामा ठेवायचा नाही. नवा भाग काढला की त्या जागी जुना, झिजलेला ठेवायचा आणि त्याला लाल दोरा बांधायचा. लाल दोरा म्हणजे आणायचंय. मग बाबा तो जुना भाग खिशात टाकून दुकानात जाणार, काउंटरवर ठेवून म्हणणार, हा दाखवायला आणलाय, असाच द्या, आणि नवा आला की जुना कचऱ्यात. लाल दोरा आठ दिवसांच्या वर कुठल्याच खणात राहिला नाही, असं आई सांगायची, आणि सांगताना असं तोंड करायची की ते कौतुक आहे की टोमणा हे कुणालाच कळू नये. एकदा थोरलीचा दुधाचा दात पडला. सहा वर्षांची असेल. तिने काय करावं, तर दाताला लाल दोरा बांधला आणि खणात ठेवला. आई हसून हसून ओट्याला टेकली. बाबा हसले नाहीत. त्यांनी दात उचलला, उजेडात धरला आणि म्हणाले, "गाठ सैल आहे." झालं. पुढे कितीतरी वर्षं ही गोष्ट थोरली गंमत म्हणून सांगायची, आणि मग एका वर्षापासून ती हीच गोष्ट पुरावा म्हणून सांगायला लागली.

ते वर्ष म्हणजे आई गेली ते. तेव्हा ती कॉलेजात होती. सकाळी कुकरमधून वाफ बाजूने निसटायला लागली, रिंग सैल झालेली, खणात लाल दोरावाली जुनी रिंग, म्हणजे नवी आणायची राहिलेली, आठ दिवसांच्या आतच, पण राहिलेली. बाबा लगेच सायकल काढून गेले. ते गेले आणि आई ओट्यापाशी उभी होती ती खाली बसली, आणि बसली ती बसलीच. शेजारी आले, गाडी आली, सगळं झालं, आणि सगळं संपल्यावर बाबा दारात उभे, हातात पाकिटातली रिंग. तीन दुकानं फिरले होते, मापाची मिळत नव्हती म्हणून. थोरली तेव्हा काय बोलली ते तिला नीट आठवतं, रोज आठवतं, आणि तिला त्याचा पश्चात्ताप होत नाही असं ती स्वतःला रोज सांगते. ती म्हणाली, "बसवा आता रिंग." बाबा कपाटापाशी गेले, जुनी रिंग काढली, नवी ठेवली. कायदा पाळला! एवढं घर कोसळलं आणि या माणसाने खण भरला. त्या दिवसापासून तिच्या मनात बाबांबद्दल जे काही बसलं त्याला ती राग म्हणत नाही. राग येतो जातो. हे आपलं बसून असतं, कपाटासारखं, भिंतीला लागून.

"काय गं," आतून आवाज आला, "चार... वाजले?" बाबांना आता दोन शब्दांच्या मध्ये श्वास घ्यावा लागतो. चारला वाफ. "वाजतायत, बाबा," ती म्हणाली, आणि मिक्सरवालीला "कंपनीच्या वतीने दिलगीर आहोत" म्हणून कापून टाकलं, कानातलं काढलं आणि कपाट उघडलं. वाफेच्या मशीनचं सामान खालच्या ट्रेमध्ये मोठ्या खणात. तिथे एक वाटी होती. वाटीला लाल दोरा. आणि वाटीत टोपी नव्हती.

मग तिला आठवलं. आठ महिने झाले असतील. अशीच धुताना, अशीच टिक. तेव्हा तिने एक शिवी हासडली होती आणि खणातली नवी कोरी वाटी काढून लावून टाकली होती, काही अडलंच नव्हतं, बिनटोपीची वाटी खणात टाकली, बाबांनी दोरा बांधला आणि तिला चिठ्ठी दिली होती. कारण तोपर्यंत बाबांचं जिने उतरणं बंद झालं होतं. दुकानात आता ती जाणार, आणि बाबा तिला चिठ्ठ्या देणार, वहीच्या पानाचा चौकोनी तुकडा, वर वस्तू, खाली नग. द्यायचे, म्हणजे पर्सच्या बाजूला ठेवायचे. ती उचलून पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात सारायची, न वाचता, बसचं तिकीट सारावं तशी. वाचायचं काय त्यात? दिवसभर ऑफिसात तेच, संध्याकाळी घरी पुन्हा तेच, पार्ट, पार्ट, पार्ट. एकदा समोरच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या होत्या, "तुझ्या बाबांचं काही बाई कौतुकच," तर ही म्हणाली, "न्या ना मग तुमच्याकडे, खणासकट." दोघी किती हसल्या होत्या दारात! आत बाबा पेपर वाचत होते. पेपराचं पान उलटलं नव्हतं बराच वेळ, हे तिला तेव्हा दिसलं होतं.

आता तिने वरचा ट्रे ओढला. लाल दोरा. त्याच्या वरचा. लाल, लाल, लाल. नळाच्या वायसरला दोरा, कार्बनला दोरा, शेगडीच्या पिनेला दोरा, अख्खं कपाट लाल कुंकवाची पुडी फुटल्यासारखं. बाहेरून बघितलं तर भरलेलं, एक खण रिकामा नाही, आणि आत सगळा कचरा, झिजलेला, तडकलेला, जळालेला, नीट गाठ मारलेला कचरा. एकच वस्तू बिनदोऱ्याची. कुकरची रिंग, पाकिटात, स्टेपलसुद्धा न काढलेला. तो कुकर घरात नाही. आई गेल्यावर तिने तो भंगारात दिला आणि दुसरा आणला, मुद्दाम वेगळ्या मापाचा. तिने ते पाकीट हातात घेतलं आणि तिला हसू आलं, अगदी घाणेरडं हसू, की वा, काय स्टोअरकीपर आहे, गावात पूर, घरात पेशंट, आणि स्टॉकमध्ये काय, तर नसलेल्या कुकरची रिंग!

तिने फोन केले. औषधाच्या दुकानात कुणी उचलला नाही, दुकानच पाण्यात. अॅम्ब्युलन्सवाला म्हणाला पूल बंद आहे ताई, बोटीसाठी नाव लिहून घेतो, संध्याकाळपर्यंत बघू. तोंडात मारायचा श्वासाचा पंप तिने उशीखालून काढला, त्याच्या पाठीवरच्या खिडकीत शून्य आलं होतं. मग धाकट्याला लावला. धाकटा म्हणजे तिचा भाऊ, दूर असतो, एसी खोलीत, आणि सल्ले देतो. "ताई, आधी तू पॅनिक होऊ नकोस," तो म्हणाला. "मी पॅनिक नाहीये, मला टोपी पाहिजे." "काय पाहिजे?" "टोपी! वाफेच्या वाटीतली." "अगं मग बाबांच्या कपाटात बघ ना, असणार. बाबांकडे नाही असं कधी झालंय का?" आणि हे तो इतक्या विश्वासाने म्हणाला, लहान मुलासारखा, की तिला त्याचा गळा दाबावासा वाटला. "नाहीये." "नाहीये म्हणजे? मग संपली कशी? बघायचं कोण?" तिने फोन ठेवला. बघायचं कोण!

वळून बघते तर बाबा. खोलीच्या दारात, चौकटीला धरून, खांदे कानापर्यंत वर, गळ्याखालचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत जाणारा. तेवढी आठ पावलं चालून आले होते आणि ओठ निळसर दिसत होते. आता तिला भीती वाटली. आता खरी वाटली, की हा माणूस माझ्यादेखत, माझ्या हाताने. "बाबा, बसा, बसा आधी." तिने स्टूल सरकवलं. बाबांनी उघडं कपाट बघितलं, तिच्या हातातलं पाकीट बघितलं, ओट्यावरची वाटी बघितली. "टोपी... गेली?" "हो." आता बोलतील, तिला वाटलं. तिला बोलायला हवंच होतं, म्हणजे मग उलट बोलता आलं असतं. पण बाबा म्हणाले, "नळ... बंद कर. खाली... बाटली आहे. ती... खोल." बाटली म्हणजे सिंकखालचा सापळा, बाटलीसारखाच, त्यात घाण साठते. "वाहून गेली असेल हो ती." "नाही जात," बाबा म्हणाले. "बादली... आधी."

ती सिंकखाली शिरली. आयुष्यात पहिल्यांदा. वरून सगळं चकचकीत आणि खाली काय ते जग! कोळिष्टकं, ओल, एक जुना साबण, आणि मध्ये ती पिवळट बाटली. हाताने फिरेना. "पाना," बाबा म्हणाले, "कपाटाच्या... दारामागे." पाना तिथेच होता. "उलटा नाही... गं. डावीकडे." मागे श्वासाची शिट्टी, दर श्वासाला एक, आणि ती शिट्टी चालू आहे ना एवढंच ऐकत ती फिरवत होती, आणि तरीही, बघा, तरीही मनात तेच, की कसा माणूस आहे हा, मरतोय आणि डावं-उजवं शिकवतोय. मग कट्ट झालं आणि बाटली सुटली. सांध्यातला वायसर सुकून बिस्किटासारखा झालेला, त्याचे दोन तुकडे झाले, आणि काळं, बुळबुळीत, सडक्या पाण्याचं सगळं तिच्या मनगटावरून बादलीत. ओकारी आली. तिने बादलीत हात घातला. अन्नाचे कण, केस, चिकट काहीतरी, मग एक कडक, गुळगुळीत, नखाएवढं. पांढरी टोपी. "सापडली!" ती ओरडली, आणि तेवढ्यात बोटांना आणखी एक लागलं. दुसरी टोपी. तपकिरी पडलेली, चिकटाने माखलेली. आठ महिन्यांपूर्वीची. इथेच होती. रोज तिच्यावरून पाणी सोडलं होतं तिने.

ती उठली, पांढरी टोपी नळाखाली धरायला गेली. "उकळ," बाबा म्हणाले. "अहो वेळ कुठाय! तुमचे ओठ बघा." "उकळ. गटारातलं... छातीत घालू?" तिने पातेलं चढवलं. दोन्ही टोप्या पाण्यात. "किती वेळ?" "पाच मिनिटं. उकळी आल्यावर." आणि ती पाच मिनिटं तिच्या आयुष्यात अजूनही चालूच आहेत. पाण्याला उकळी येत नव्हती. बाबा गुडघ्यांवर हात टेकून पुढे वाकले होते, शिट्टी बारीक होत होती, आणि शिट्टी बारीक होणं चांगलं नाही हे डॉक्टरांनी सांगितलेलं. ती घड्याळाकडे बघत होती, पातेल्याकडे बघत होती, बाबांच्या मानेच्या त्या खड्ड्याकडे बघत होती. तिला आठवत होती आई, ओट्यापाशीच, इथेच, आणि तिच्या मनात अचानक असं आलं की त्या दिवशी घरात असती आठ दिवसांपूर्वीचीच नवी रिंग, तर बाबा इथेच उभे असते. बाबांना हे कधीच सुचलं नसेल असं तिला इतकी वर्षं वाटत होतं. तिला! हिला! जिच्या पर्समध्ये चिठ्ठ्या तशाच पडून होत्या. पाण्यात टोप्या नाचायला लागल्या. तिने मिनिटं मोजली, पाच, पूर्ण पाच, एक सेकंद कमी नाही.

चिमट्याने टोपी काढली, बसवली, औषध घातलं, मशीनचं बटण दाबलं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत गेल्या महिन्यात बाबांनीच भिंतीला धरून धरून पाणी घातलं होतं. घुर्र झालं, आणि मास्कच्या भोकांतून पांढरी वाफ आली. ती जमिनीवर बसली. कितीतरी वेळ वाफ आत गेली आणि बाहेर आली, मग खांदे कानांपासून थोडे सुटले, शिट्टी पुन्हा जाड झाली, मग हळूहळू नुसता श्वास झाली. ओठांचा रंग परतला. बाबांनी डोळे मिटून घेतले आणि एक हात वर केला. तिला वाटलं डोक्यावर ठेवणार. त्यांनी ओट्याकडे बोट दाखवलं. तिथे दुसरी टोपी होती, उकळून बरीच पांढरी झालेली. मग कपाटाकडे. तिला कळलं. ती उठली, खणातली वाटी काढली, टोपी बसवून बघितली, बसली. म्हणजे आता घरात दुसरी वाटी होती. तिने लाल दोरा सोडला. गाठ अजिबात सैल नव्हती, नख लावावं लागलं. सोडलेला दोरा तिने तुटलेल्या वायसरला बांधला आणि वायसर खणात ठेवला. सिंकखालून बादलीत थेंब पडत होते. तिने बाबांच्या दोऱ्याचं रीळ शोधलं, सगळ्यात खालच्या कोपऱ्यात. रीळ मोकळं, नुसतं लाकूड, आणि त्या मोकळ्या रिळाला एक लाल दोरा बांधलेला.

मग तिने पर्स आणली आणि बाहेरचा कप्पा जमिनीवर उपडा केला. मूठभर चौकोन. पहिल्यांदा वाचले. सुरुवातीच्यांचं अक्षर छापल्यासारखं, सरळ. सिंकची जाळी, नग एक. वाफेची वाटी, नग एक. मग नळाचे वायसर, कार्बन, पिन. मग पुन्हा सिंकची जाळी. मग अक्षर हलायला लागलं. श्वासाचा पंप, नग एक. शेवटच्या दोन-तीन चिठ्ठ्यांवर नग नव्हताच, नुसतं पंप, आणि प वरची रेघ कागदाबाहेर गेलेली. कुठेही लवकर आण नाही. कुठेही विसरू नकोस नाही. आणि तिला पुन्हा रागच आला. "एकदा तोंडाने का नाही म्हणालात, बाबा? एकदा! पंप संपतोय म्हणून? रोज समोर बसतो आपण जेवायला."

बाबांनी डोळे उघडले. छापखान्यात चाळीस वर्षं या माणसाच्या खिडकीवर पाटी होती, तोंडी मागणी घेतली जाणार नाही, आणि या माणसाने मालकालासुद्धा चिठ्ठीशिवाय स्क्रू दिला नव्हता. त्यांनी मास्क दोन बोटं वर केला. ज्या नजरेने ती रोज कपाटाकडे बघायची तीच नजर, हुबेहूब, आता तिच्याकडे बघत होती. तिला कळलं की आपण ही कुठून उचलली.

"चिठ्ठी दिली होती," बाबा म्हणाले, एका श्वासात, न थांबता.

मास्क खाली. ऑफिसचा फोन वाजायला लागला, कुणाची तरी चकती, तिने तो उलटा ठेवला. आपल्या फोनवर नवीन यादी उघडली आणि चिठ्ठ्या एकेक उचलून लिहायला लागली, पाणी उतरलं की पहिल्या दिवशी आणायचं म्हणून, मोठ्याने वाचत, ऑफिसात तक्रार वाचून दाखवतात तशी. श्वासाचा पंप. सिंकची जाळी. सापळ्याचा वायसर. बाबा डोळे मिटून होते, ऐकत होते की झोपले होते कळत नव्हतं. वाफ वर चढत होती. सगळ्यात शेवटी तिने ते मोकळं रीळ उचललं.

"लाल दोरा," ती म्हणाली. "एक रीळ."

"दोन," मास्कच्या आतून आवाज आला.